रेषा नुसती उथळ दिसली तर

चि. मुली, अनेक आशीर्वाद.

तू घेतलेला ताऱ्याचा वर्णपट मिळाला. हायड्रोजन अल्फाच्या, म्हणजे हायड्रोजनच्या तांबड्या रेषेच्या जागी, ६५६३ अँगस्ट्रॉम तरंगलांबीला, आलेखात उंचवटा नाही म्हणून तू ‘उत्सर्जन नाही’ असं लिहून मोकळी झालीस. ती नोंद अजून पक्की करू नकोस.

शर्मिष्ठेतल्या गॅमा ताऱ्यात १८६६ साली इटालियन खगोलशास्त्रज्ञ सेक्कींना हायड्रोजनची रेषा काळी नव्हे, उजळ दिसली. बीई ताऱ्यांची, म्हणजे हायड्रोजनच्या उजळ रेषा दाखवणाऱ्या उष्ण बी वर्गाच्या ताऱ्यांची, ओळख तिथून सुरू झाली, आणि आपणही नकळत तसाच ठळक उजेड शोधत बसतो. पण ताऱ्याच्या पृष्ठभागाची स्वतःची शोषणरेषा, म्हणजे आलेखातली खाच, असतेच. भोवतालच्या वायूच्या चकतीचा प्रकाश आधी ती खाच भरतो, मगच वर डोकावतो. तुझी खाच मला भरत आलेली वाटते.

वाटण्यावर मात्र विसंबू नकोस. गरगर फिरणाऱ्या ताऱ्याची रेषाही पसरट आणि उथळ होते. तिचं क्षेत्रफळ तेवढंच राहतं. म्हणून खोली नको, समतुल्य रुंदी, म्हणजे खाचेच्या क्षेत्रफळाचं माप, मोज. त्याच वर्गाचा, उत्सर्जन नसलेला तारा त्याच रात्री, वर्णपटमापकाच्या त्याच फटीतून घे आणि दोन्ही आकडे शेजारी मांड. अखंड वर्णपटाची, म्हणजे रेषा नसलेल्या भागाची, पातळी रेषेपासून बरीच लांबून आख. मी सुरुवातीला ती रेषेच्या पंखांवरूनच, म्हणजे तिच्या पसरट कडांवरूनच, ओढायचो आणि क्षीण उत्सर्जन स्वतःच पुसून टाकायचो. बारीक, टोकदार खाचा दिसल्या तर त्या आपल्याच हवेतल्या बाष्पाच्या. त्या मोजमापातून वगळ, पण तरंगलांबी तपासायला वापर, कारण त्या जागा सोडत नाहीत.

उत्सर्जन जोरात असेल तेव्हा उलटी काळजी घे. बाकी वर्णपट ठीक दिसतो आणि रेषेचं शिखर तेवढं कॅमेऱ्यात संपृक्त होतं, म्हणजे त्याच्या मोजण्याच्या मर्यादेपलीकडे जातं. माझ्या एका अख्ख्या मोसमाच्या नोंदी अशा वाया गेल्या.

आणि ‘काही नाही’वालं चित्रही तारीख-वेळ घालून जपून ठेव. अनुराधेतला डेल्टा स्कॉर्पाय कित्येक वर्षं साधा तारा म्हणून गणला जायचा. २००० साली अर्जेंटिनाच्या सेबास्टियन ओतेरो या हौशी निरीक्षकाला तो नुसत्या डोळ्यांनी उजळलेला दिसला. वर्णपटातही हायड्रोजन अल्फाचं ठळक उत्सर्जन मिळालं. त्यानंतर त्याचे जुने, शांत वर्णपट केवढे मोलाचे ठरले!

पाऊस लागायच्या आत दोन-तीन रात्री मिळतील. पहिली तुलनेच्या ताऱ्याला दे, आणि कच्च्या फाइली मला पाठव.