सोलापुरात घरासमोरच्या मोकळ्या जागेत घायपात (अगेव्ह) लावलं तर उन्हाळा काढेल का? पाणी किती लागतं?

आरामात काढेल, फक्त काळ्या मातीत थेट लावू नका, कारण हे झाड उन्हानं नाही तर मुळाशी साचलेल्या पाण्यानं मरतं. मूळचं मेक्सिकोकडचं आहे, पानावरची छिद्रं दिवसा मिटून रात्री उघडतं म्हणून 43-44 डिग्रीतपण पानातलं पाणी टिकतं, पण आपली काळी माती सप्टेंबरच्या पावसात चिखल धरून बसते आणि मग बुडखा सडतो, खालचं पान नुसतं ओढलं तरी हातात येतं आणि घाण वास येतो (आमच्याकडं दोन अशीच गेली). त्यामुळं वीत-दीड वीत उंचवटा करा, त्यात निम्मा मुरूम, थोडी जाड वाळू, बाकी माती, शेणखत मूठभरच. पाणी पहिले दोन महिने पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा, नंतर उन्हाळ्यात 15-20 दिवसांनी बास, पावसाळ्यात अजिबात नाही. नर्सरीत सावलीत वाढलेलं रोप मेमध्ये एकदम उन्हात ठेवलं तर पांढरे चट्टे पडतात, जूनमध्ये लावलेलं बरं. एकच आहे, गेटजवळ किंवा पोरं खेळतात तिथं नको, टोकाचा काटा दाभणासारखा असतो आणि चीक अंगाला लागला की खाज सुटते.