हॅचरीचा सॅल्मन, नदीचा सॅल्मन आणि आपला जिताडा

ताई, तुम्ही विचारलंत की रावस म्हणजे सॅल्मनच का, आणि हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवून सोडलेला सॅल्मन नदीतल्यासारखा वागतो का. रावस सॅल्मन नव्हे. 'इंडियन सॅल्मन' हे बाजाराने दिलेलं नाव, दोघांचं कूळच वेगळं. सॅल्मन समजायचा तर आपली वलगण आठवा. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला ओढ्याने शेतात चढतात, तसा तो थेट समुद्रातून नदीत चढतो.

आता दुसरं. फरक पडतो, आणि तो पिल्लू वीतभर व्हायच्या आतच पडतो. नदीत मादी शेपटीने खडीत खळगा करते, अंडी घालते, वर खडी लोटते. पिल्लू पोटाला बलकाची पिशवी घेऊन जन्मतं आणि ती संपेपर्यंत खडीतच दडून राहतं. पुढे धारेत जागा राखायची, किडे धरायचे, पक्ष्याची सावली पडली की दगडाखाली शिरायचं. बहुतेक पिल्लं यातच जातात. हॅचरीत बहुतेक जगतात आणि दाणा वरून पडतो. म्हणून सोडताना ती अंगाने मोठी असतात, पण पर झिजलेले आणि भीती मेलेली.

हे मी आपल्या खाडीतल्या माशात, जिताड्यात, पाहिलंय. पेणच्या खाजणातल्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या) माझ्या तळ्यात एका वर्षी मध्ये जाळी लावून एकीकडे खाडीचं बी, म्हणजे बारीक पिल्लं, सोडलं, दुसरीकडे हॅचरीचं. सकाळी बांधावरून चाललो की हॅचरीची बोटुकली तोंडं वर करून काठाकाठाने माझ्याबरोबर यायची. खाडीच्या बाजूला उघाडीजवळ (बांधातल्या पाण्याच्या दाराशी) चिखलाचा एखादा फराटा उठायचा, बस्स. बगळे कायम हॅचरीच्या बाजूला.

समुद्राकडे निघताना सॅल्मनचं पिल्लू चंदेरी होतं, कल्ले खाऱ्या पाण्याला तयार होतात आणि याच दिवसांत आपल्या पाण्याचा वास त्याच्या डोक्यात पक्का बसतो. मोठेपणी तो त्याच वासावर घरी परततो. नदीतली पिल्लं आठवडेच्या आठवडे थोडी थोडी निघतात, हॅचरीची एकदम लोंढ्याने. कॅलिफोर्नियात तर नदीचं पाणी खेचणारे पंप, तापलेलं पाणी आणि शिकारी मासे टाळायला ती टँकरने खाडीपर्यंत नेतात. जगतात जास्त, पण वाटेचा वासच मिळालेला नसतो, मग परतताना पुष्कळ परक्या नदीत शिरतात. ओरेगॉनच्या हूड नदीत स्टीलहेड या सॅल्मनच्या भाऊबंदावर अभ्यास झाला, २००७ साली छापून आला: हॅचरीत वाढलेल्या एकेका पिढीमागे नदीत वंश वाढवण्याची कुवत सुमारे ४० टक्क्यांनी घटत होती. मला हा आकडा फार लागला. धरणांनी अंडी घालायची जागाच अडवली तिथे हॅचरी लागतेच, पण किती सोडले यापेक्षा किती परतले आणि त्यांची पिल्लं किती जगली, हे मोजायला हवं.

तुमच्या गावची मंडळी खाडीत हॅचरीचा जिताडा सोडणार म्हणताय. त्याची वाट उलटी: अंडी खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात, पिल्लं वर गोड्याकडे. तेव्हा बी आणून थेट ओतू नका. त्याच खाडीत हापा (बारीक जाळीचा पिंजरा) बांधून काही दिवस ठेवा, दाणा कमी करत जिवंत बारीक कोळंबी द्या, आत तिवराच्या फांद्या टाका. मोठी-लहान वरचेवर वेगळी करा, नाहीतर एकमेकांनाच गिळतील. आणि सोडाल ते भरतीला, रात्री, तिवरांच्या आत.