सही झाली आहे, पण चौदा दिवस हातात आहेत

प्रश्न: मी मूळची पुण्याची, वय ३४. बर्लिनमध्ये तीन वर्षं नोकरी केली. पुढच्या महिन्यापासून ग्राफिक डिझायनर म्हणून स्वतंत्र काम करणार आहे. सार्वजनिक आरोग्य विमा महाग पडेल म्हणून खाजगी विम्याच्या अर्जावर सही केली, हप्ता ३९० युरो. परवा पॉलिसीही आली. मला थायरॉइडची गोळी चालू आहे. मध्यस्थ म्हणाले, एवढं लिहायची गरज नाही. नवरा सध्या जर्मन शिकतोय, कमाई नाही. मुलगी चार वर्षांची. आता झोप लागत नाही. काय करू?

उत्तर: ताई, आधी पॉलिसी हातात पडल्याची तारीख बघा. पॉलिसी, अटी आणि करार रद्द करण्याच्या हक्काची सूचना मिळाल्यापासून १४ दिवसांत करार रद्द करता येतो. कारण द्यावं लागत नाही, ईमेल चालतो. तो आजच पाठवा आणि पाठवल्याचा पुरावा जपा.

मला हप्त्यापेक्षा त्या गोळीची काळजी जास्त वाटते. अर्जात लेखी प्रश्न असताना चालू उपचार लपवले, तर जर्मन विमा करार कायद्याच्या कलम १९ खाली कंपनी करारातून अंग काढून घेऊ शकते. आरोग्य विम्यात हा हक्क तिला तीन वर्षं असतो, मुद्दाम लपवलं असेल तर दहा वर्षं. ‘पण मी मध्यस्थांना सांगितलं होतं,’ असं तुम्ही म्हणाल. कंपनीच्या एजंटाला सांगितलेलं कंपनीला सांगितल्यासारखंच धरतात. माक्लर, म्हणजे स्वतंत्र विमा दलाल, मात्र कायद्याने तुमच्या बाजूचा माणूस. त्याच्या कानावर घातलेलं कंपनीला कळलं, असं सहसा मानत नाहीत. तुम्ही पाठवलेल्या कागदावर ‘माक्लर’ हाच शब्द आहे.

सार्वजनिक विमा तुटेल ही भीती नको. नोकरी संपली की तुमचं सदस्यत्व ऐच्छिक म्हणून आपोआप पुढे चालू राहतं. कासेचं, म्हणजे तुमच्या सार्वजनिक विमा संस्थेचं, पत्र आल्यावर दोन आठवड्यांत ‘बाहेर पडते’ असं कळवलं आणि दुसऱ्या विम्याचा पुरावा दिला, तरच ते संपतं. तुम्ही अजून काही कळवलेलं नाही. कळवूही नका.

आता पैसे. तुमच्या अंदाजाप्रमाणे महिना २,८०० युरो नफा धरला, तर २०२५ च्या दरांनी आरोग्य विम्याचे १४ टक्के, सरासरी अडीच टक्के अधिभार आणि शुश्रूषा विम्याचे ३.६ टक्के मिळून साधारण ५६३ युरो होतात. ३९० पेक्षा जास्त, हे खरं. पण त्यात नवरा आणि मुलगी दोघेही कुटुंब विम्यात वेगळा पैसा न भरता येतात. खाजगीत माणशी एक हप्ता. ती तुलना मध्यस्थांनी तुमच्यासमोर मांडायला हवी होती. शिवाय परतीची वाट अरुंद आहे: ती मुख्यतः पुन्हा नोकरीतून जाते, तीही २०२५ मध्ये वर्षाला ७३,८०० युरोंच्या आतल्या पगाराची. पंचावन्नीनंतर तीही जवळपास बंद होते.

माझं मत स्पष्ट आहे, सार्वजनिकातच राहा.

एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. डिझायनर, लेखक, अनुवादक, संगीतकार अशा स्वतंत्र काम करणाऱ्यांसाठी जर्मनीत क्युन्स्टलरसोत्सियालकासे, म्हणजे कलाकारांची सामाजिक विमा संस्था, आहे; सगळे तिला केएसके म्हणतात. ती १९८३ पासून चालते. कलेच्या कामातून वर्षाला ३,९०० युरोंपेक्षा जास्त उत्पन्न अपेक्षित असेल तर सहसा प्रवेश मिळतो, आणि नवोदितांना पहिली तीन वर्षं ही अटही लागत नाही. मग आरोग्य, शुश्रूषा आणि पेन्शन या तिन्हींचा साधारण निम्माच भार तुमच्यावर येतो. नोकरीत जसा मालक अर्धा भरतो, तसंच. पेन्शनचा हप्ता नव्याने सुरू होईल, तो हिशोबात धरा.

केएसकेचा निर्णय यायला वेळ लागतो, तोवर ऐच्छिक हप्ता भरत राहा. पण विमा साधारणपणे तुम्ही त्यांना कळवलेल्या दिवसापासून मोजतात, त्याआधीपासून नाही. म्हणून काम सुरू होताच पहिल्या आठवड्यात अर्ज टाका. ग्राहकांचे करार आणि पहिली बिलं सोबत जोडा.