कर्नल बदलला आणि तापमान चढलं? आधी हे बघा

लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) अपडेट केल्यावर प्रोसेसरचं तापमान एकदम चढलेलं दिसतंय, असं तुम्ही विचारलंत. घाबरू नका, आणि लगेच हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा भाग) उघडून त्याखालची पेस्ट बदलायला तर मुळीच बसू नका. नवे लोक हमखास तिथेच हात घालतात. अपडेटनंतर एका रात्रीत २० अंश वाढले, तर बहुतेकदा प्रोसेसर तापलेला नसतो, आकडा बदललेला असतो.

तुमचा प्रोसेसर रायझन १८००एक्स आहे. त्याचा 'टी-कंट्रोल' (Tctl) हा आकडा पंख्यासाठी असतो, खऱ्यापेक्षा मुद्दाम २० अंश चढा. बघायचा तो 'टी-डाय' (Tdie), म्हणजे चिपचं खरं तापमान.

सध्या एवढंच करा:

- पॅनेलवरचं तापमान दाखवणारं विजेट विसरा. टर्मिनलमध्ये 'सेन्सर्स' (sensors) ही आज्ञा चालवा आणि आकड्याशेजारचं नाव वाचा. कर्नल बदलला की 'एचडब्ल्यूमॉन'चे (hwmon, कर्नलमधली सेन्सरची यादी) क्रमांक इकडचे तिकडे होऊ शकतात. मग विजेट बिचारं एसएसडीचं तापमान प्रोसेसरचं म्हणून दाखवत बसतं.
- ग्रब मेनूतून (संगणक सुरू होताना येणारी यादी) जुना कर्नल चालू करा, तेच काम देऊन आकडे ताडून बघा. (म्हणून जुना कर्नल पुसायची घाई नको.)
- 'एसीपीआयटीझेड' (acpitz, मदरबोर्डच्या फर्मवेअरकडून येणारा आकडा) तासन्‌तास एकाच आकड्यावर अडकलेला दिसला, तर सोडून द्या.

'सेन्सर्स'च्या कॉन्फिग फाइलमध्ये स्वतःहून अंश वजा करणं तूर्तास नको. दोन्ही कर्नलवरचं 'सेन्सर्स'चं अख्खं आउटपुट मात्र जपून ठेवा, पुढचं त्यावरून ठरवू.