ट्रिम शिकताय? आधी स्टिक सोडायला शिका

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये (सिम) ट्रिम, म्हणजे स्टिकची आत्ताची जागा धरून ठेवणारं बटण, दाबलं की हेलिकॉप्टर उसळतं, हे सुरुवातीला जवळजवळ सगळ्यांचंच होतं, त्यामुळे खचू नका. बटण दाबताच सिम हा स्टिकची ती जागा नवा मध्य धरतो, पण तुमचा हात अजून पुढेच असतो. मग तोच रेटा दुप्पट लागतो. म्हणून बटण सोडलं की लगेच स्टिक मध्यावर आणा. डीसीएस या सिममध्ये स्टिक मध्यावर येईपर्यंत नवा इनपुट न घेण्याचा पर्याय आहे, तो आजच चालू करा.

- पहिला सराव होव्हरमध्ये (हवेत एकाच जागी थांबून) नको. ६०-७० नॉटवर सरळ उडताना करा.
- कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा लीव्हर) किंवा वेग बदलला की पुन्हा ट्रिम.
- ट्रिम रीसेट (ट्रिम पुसून मूळ मध्यावर जाणं) हवेत टाळा, जोरात झटका बसतो.

थोडं थोडं, वारंवार दाबा. कामोव्ह या रशियन हेलिकॉप्टरचे ऑटोपायलट चॅनल (आपोआप उडवणाऱ्या यंत्रणेचे वेगवेगळे भाग) नंतर बघू.