हलक्या वजनाने मसलचे मोठे फायबर कामाला लागतात का?

तुमचा प्रश्न असा की सिडकोतल्या जिमचा ट्रेनर म्हणतो हलक्या वजनाने मोठे फायबर, म्हणजे मसलमधले जाड धागे, उठतच नाहीत, आणि तुमच्याकडे घरी साडेसात किलोचे दोन डंबेल आहेत, तर त्यांनी काही होईल का. होईल की. ट्रेनरचं अर्धं बरोबर आहे.

मसल एकदम सगळा चालू होत नाही. एका नर्व्ह सेलला फायबरचा एक गट जोडलेला असतो, त्याला मोटर युनिट म्हणतात, आणि लहान युनिट आधी, मोठी नंतर असा क्रम ठरलेला आहे. हेनेमन नावाच्या शास्त्रज्ञाने हे १९५७ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. आपल्याकडच्या लग्नघरासारखं समजा, फुलांच्या माळा लावायला पोरंटोरं पुरतात, वरणाचं मोठं पातेलं उतरवायचं म्हटलं की मगच काका-मामा खुर्चीवरून उठतात. तुम्ही जेमतेम एकदाच उचलू शकता त्या वजनाच्या ८०-८५ टक्के लावलं की बायसेपसारख्या मसलची जवळजवळ सगळी युनिट पहिल्याच रेपला (वजन एकदा वर-खाली करणं म्हणजे एक रेप) कामाला लागतात, त्याच्या वर जी ताकद येते ती मुख्यतः सिग्नल जास्त वेगाने सोडून येते. इथपर्यंत ट्रेनर बरोबर.

पण पोरं दमली की काकांना उठावंच लागतं ना! ३० टक्के वजनाचा सेट मारताना पहिले १०-१२ रेप गप्पा मारत होतात, मग लहान युनिट थकतात तशी मोठी ओढली जातात, आणि शेवटच्या चार-पाच रेपला डंबेल वर जायचा वेग आपोआप मंदावतो, तुम्ही जोर लावताय तरी हात हळूच सरकतो, कोपर पुढे पळायला बघतं. खरं काम तिथे होतं. गंगापूर रोडवरच्या आमच्या जिममध्ये संध्याकाळी बघा, अर्धी जनता १५ मोजले की डंबेल ठेवून मोबाईल काढते, अजून १५ निघाले असते तरी. त्यांचे काका मांडवात झोपलेलेच राहतात.

कॅनडाच्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत २०१६ मध्ये व्यायामाची सवय असलेल्या ४९ तरुणांवर १२ आठवडे हेच करून बघितलं, एक गट २०-२५ रेप, दुसरा ८-१२, दोघेही हात उचलेनासा होईपर्यंत. मसल सारखाच वाढला. बेंच प्रेसची ताकद मात्र हेवीवाल्यांची जास्त वाढली, म्हणजे जड उचलायचं असेल तर जड उचलूनच शिकावं लागतं, त्याला पर्याय नाही. आणि अगदीच हलकंही चालत नाही, ब्राझीलच्या २०१८च्या अभ्यासात २० टक्केवाले मागे पडले, ४० आणि त्याच्या वरचे साधारण सारखेच.

ट्रेनर तुम्हाला ईएमजीचा, म्हणजे मसलमधली वीज मोजणाऱ्या तपासणीचा, ग्राफ दाखवेल, त्यात हेवी सेटची रेघ उंच दिसते, हलका सेट शेवटपर्यंत मारला तरी. ते खरंय, पण ईएमजी त्या क्षणाला किती विजेची हालचाल आहे ते सांगतं. हलक्या सेटमध्ये युनिट वेगवेगळ्या वेळी येतात-जातात, त्यामुळे रेघ बुटकी दिसली म्हणून फायबर वापरलेच गेले नाहीत असं होत नाही.

आता तुमचे डंबेल. कर्ल, शोल्डर प्रेस, लॅटरल रेज यांना साडेसात किलो खूप झाले, फक्त शेवटचे एक-दोन रेपच शिल्लक राहतील तिथपर्यंत जा, भले ३० होवोत. पायाला ते पुरणार नाहीत, दोन पायांवर स्क्वॉट केलात तर मांड्या थकायच्या आधी दम लागेल आणि वैताग येईल तो वेगळा. एक पाय मागे खुर्चीवर ठेवून एकाच पायाचे स्क्वॉट करा, दोन्ही डंबेल हातात. दोन सेटच्या मध्ये दोन मिनिटं तरी बसा, आणि पांडवलेणी चढून आलात त्या दिवशी पायाचा व्यायाम सोडून द्या.