वेळा अमावस्येला आजींना ट्रॉलीतून शेतात कसं न्यायचं?

तुम्ही विचारलंय की वेळा अमावस्येला, म्हणजे शेतात जाऊन पूजा आणि जेवण करायच्या सणाला, ऐंशीच्या आजी, कंबर आणि गुडघे धरलेले, डांबरी सोडल्यावर दीड किलोमीटर शिवारातून जायचं. ट्रॅक्टर आणि दोनचाकी ट्रॉली घरचीच आहे, तर दोन गाद्या टाकल्या की भागेल का? भागणार नाही. गादी जितकी फुगीर तितकी माणसाला ती जास्त उडवते, आणि कंबर मोडते ती या उसळीनेच.

उसळी येते रिकाम्या ट्रॉलीमुळे. पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, काही टन मालाच्या हिशोबाने बसवलेले असतात, कित्येक ट्रॉल्यांना तर पाटेच नसतात. तीन माणसांच्या वजनाने ते दबतही नाहीत. म्हणून आधी वजन भरा: वाळूची ४०-५० किलोची दहा-बारा पोती, आखाच्या (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) जरा पुढे, दोन्ही अंगांना सारखी, दोराने आवळून. आखाच्या मागे ठेवलीत तर ट्रॉली उलाळ होते, हुक वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी पडतात. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडणारी पिन भोकात सैल असेल तर योग्य जाडीची घाला. सुटताना आणि थांबताना मानेला जो हिसका बसतो, तो त्या ढिलाईचा.

मग हवा. ट्रॉलीचे टायर मालासाठी टम्म भरलेले असतात. पूर्ण भाराला जो दाब सांगितलाय, त्याच्या दोन-तृतीयांशावर आणा. त्याखाली नको, तुरीची धसकटं टायरची बाजू फाडतात. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला शेतात १२ ते १४ पीएसआय पुरते. पुन्हा माल भरण्याआधी हवा भरून घ्या, हे हमखास राहून जातं.

बसायची जागा आखाच्या पुढे, आख आणि पुढचा फाळका (ट्रॉलीची पुढची फळी) यांच्या साधारण मध्ये, आणि रुंदीच्या बरोबर मधोमध. आखावर ट्रॉलीच्या चाकाचा पूर्ण धक्का येतो, पुढच्या टोकाला ट्रॅक्टरचा. मध्ये दोन्ही निम्मे होऊन येतात. आखाच्या मागे तर तोच धक्का वाढून लागतो. खाली सोयाबीनचं भुसकट भरलेली पोती अंथरा. ती दोन-तृतीयांशच भरा, ठासू नका. भुसकट दबतं आणि दबलेलंच राहतं, परत उडवत नाही. त्यावर एक पातळ गादी किंवा वाकळ. हवा भरलेली ट्यूब खाली घालू नका, ती चेंडूसारखी उडवते. प्लॅस्टिकची खुर्ची तर अजिबात नको, पाण्याच्या पहिल्याच पाटात तिचे पाय फाकतात. आजींचं तोंड पुढे ठेवा, म्हणजे खड्डा येताना दिसतो आणि अंग सावरता येतं. पाठीला अशाच दोन पोत्यांचा बांधलेला टेका, गुडघ्यांखाली घोंगडीची गुंडाळी, शेजारी धरायला एक माणूस. मडगार्डवर कुणालाच बसवू नका. तिथून घसरलेला माणूस सरळ मागच्या चाकाखाली जातो.

टिपिंग ट्रॉली (उचलून माल ओतणारी) असेल तर साटा, म्हणजे ट्रॉलीचा माल भरायचा भाग, लॉक करा, आणि हायड्रॉलिकच्या दांड्याला पोरं हात लावणार नाहीत हे बघा.

वाट आदल्या दिवशी चालून बघा. पाणी दिलेलं रान असेल तर वाफसा आल्याशिवाय, म्हणजे चिखल जाऊन ओल बेताची झाल्याशिवाय, चाक घालायचं नाही. नांगरटीचा तुकडा आडवा येत असेल तर मैंद (ढेकळं फोडून रान सपाट करायची फळी) फिरवून सात-आठ फुटांची पट्टी करून घ्या, ढेकळांवरून जाण्यापेक्षा तो अर्धा तास परवडतो. पाट ओलांडायचा तिथे मातीच्या गोण्या टाकून उतार करा आणि सरळ जा, दोन्ही चाकं एकदम चढली पाहिजेत. तिरकं घातलं की ट्रॉली आधी एका अंगाला कलते, मग दुसऱ्या, आणि कंबरेला हे डोलणं उभ्या धक्क्यापेक्षा वाईट. सरी असेल तर आडवं न जाता सरीच्या दिशेने चाला. लो गिअरमध्ये पहिला किंवा दुसरा, म्हणजे शेजारी चालणारा माणूस मागे पडणार नाही इतकाच वेग. क्लच सावकाश सोडा, आणि गचका वाचवायला ब्रेकपेक्षा थ्रॉटल आधी कमी करा.

चढणं-उतरणं हा वेगळाच त्रास. साटा तीन-साडेतीन फूट उंच असतो. ट्रॉली मागे घेऊन बांधाला टेकवा आणि मागचा फाळका उघडा, म्हणजे आजी बांधावरूनच सरळ आत येतात. शेतातही असाच एक उंच बांध आधी हेरून ठेवा.

डांबरीपर्यंत मात्र चारचाकीनेच आणा. ट्रॉली मालासाठी असते, सार्वजनिक रस्त्यावर तिच्यात माणसं बसवायला परवानगी नाही. मणक्याला फ्रॅक्चर असेल किंवा खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच करू नका. सणाची आंबील आणि भज्जी डब्यातून घरी आणता येते.